अक्रोडावरचं सफरचंद

वितोमिरने पक्कड दातांत धरली आणि अक्रोडाच्या शेवटच्या जाड फांदीवर पोट टेकून हात पुढे लांबवला. सफरचंदाच्या देठाभोवती गुंडाळलेली तार त्याने शेंड्याजवळच्या डहाळीला वेढे देऊन आवळली, मग पकडीने पीळ घातला. एक, दोन, वर आणखी एक. सफरचंद लोंबकळलं, गरगर फिरलं आणि हळूहळू थांबलं. मुठीत मावेल एवढं, लालबुंद. खालून ते बोराएवढं दिसणार होतं, आणि त्याला तसंच हवं होतं.

“अहो, उतरा आता!” खालून त्याची बायको स्तामेन्का ओरडली. “लेकीच्या लग्नात हातपाय मोडून घ्यायचेत का?”

“तू शिडी धर नीट. बडबड नको.”

“अठ्ठावन्न वर्षांचा बाप्या माकडासारखा झाडावर! गाव काय म्हणेल?”

“गाव म्हणेल, वितोमिरच्या दारातलं सफरचंद गावात सगळ्यात उंच.”

तो धापा टाकत उतरला. पायजम्याच्या गुडघ्यांना हिरवं शेवाळ लागलं होतं. अंगणात शेजारणी मोठ्या मातीच्या हंड्यांत कोबी आणि डुकराचं मटण थरावर थर लावून भरत होत्या. हंडे आदल्या संध्याकाळीच विस्तवावर चढायला हवे होते यावरून त्यांचा वाद चालला होता. फाटकाला कागदी फुलांची माळ होती. आता काही तासांत शेजारच्या तालुक्यातून वऱ्हाड येणार, फाटक बंद असणार, आणि नवरदेवाने बंदुकीने ते सफरचंद पाडल्याशिवाय ते उघडणार नव्हतं. वितोमिर ज्या दिवशी मुलीचा बाप झाला त्या दिवसापासून तो या सकाळची वाट पाहत होता. थोरलीने व्हिएन्नात कचेरीत सह्या करून लग्न केलं होतं. तिथे त्याला एक पेन दिसलं होतं आणि एक फुलदाणी. फाटक नव्हतं, झाड नव्हतं, बंदूक नव्हती. राहिली होती ही धाकटी, नेवेना.

नेवेना मागच्या दाराने बाहेर आली. केसांत कुरळे करायचे रोल, अंगावर आईचा जुना गाऊन. तिने वर पाहिलं आणि मग बापाकडे.

“बाबा, या वेळी सफरचंद राहू द्या ना.”

“राहू द्या म्हणजे?”

“काढून टाका.”

“आत्ताच बांधलंय. काय झालं?”

“काही नाही. त्याला… वुकाशिनला नाही आवडणार.”

“सफरचंद नाही आवडत?”

“बाबा!”

“मग नीट सांग की.”

ती गाऊनचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत राहिली. “मी सांगणार नाही असं कबूल केलंय,” ती शेवटी म्हणाली.

वितोमिरला वाटलं, आपल्याला कळलं. पोराला नेम धरता येत नाही. शहरातल्या सुतारकारखान्यात खिडक्या बनवणारा पोरगा, त्याला कुठला नेम? मागणी घालायला आला तेव्हा तीन तास बसला आणि मोजून दहा वाक्यं बोलला. राकियाचा, घरच्या फळांच्या दारूचा, एक पेला ओठांना लावला, दुसऱ्याला नको म्हणाला. उठता उठता मात्र स्वयंपाकघरातली कित्येक वर्षं न मिटणारी खिडकी खिशातल्या चाकूने तासून बंद करून दिली. स्तामेन्का तेवढ्यावरच पाघळली. वितोमिरला तो आवडला होता की नाही, हे त्याचं त्यालाच ठरवता येत नव्हतं.

“अगं, पहिल्याच गोळीत कोण पाडतंय?” तो लेकीच्या खांद्यावर थोपटत म्हणाला. “मी तरी कुठे पाडलं? तिसऱ्या गोळीला पडलं माझं.”

“अकराव्या,” शिडी उचलून नेणारी स्तामेन्का म्हणाली.

“तिसऱ्या!”

“माझे वडील खिडकीत बसून मोजत होते. अकराव्या. आणि अकरावीही सफरचंदाला नाही, फांदीला लागली.”

बायका हसल्या. नेवेना हसली नाही. ती आत गेली.

दुपारच्या आधी रस्त्याच्या वळणावर तुतारीचे सूर ऐकू आले, मग ढोल, मग मोटारींचे भोंगे. वऱ्हाड आलं. आरशांना टॉवेल बांधलेल्या सात मोटारी आणि मागे एक ट्रॅक्टर, त्यावर वाजवणारे. पाहुणे उतरले, छातीवर रोजमेरीची सुवासिक डहाळी टाचलेले. सगळ्यांच्या पुढे नवरदेवाचा काका रादिशा, फुलांनी सजवलेली राकियाची बाटली उंच धरून. वुकाशिनचे वडील नव्हते. बापाची सगळी हौस हा काकाच पुरी करत होता.

“फाटक उघडा हो व्याही!” रादिशा गरजला. “मुलगी न्यायला आलोय!”

“मुलगी आहे, पण दार बंद आहे,” वितोमिरने आतून तेवढ्याच जोराने उत्तर दिलं. “वर बघा.”

सगळ्यांनी वर पाहिलं. कुणीतरी शीळ घातली.

“अरे देवा, हे सफरचंद आहे का चांदणी?”

“ज्याला माझी मुलगी पाहिजे त्याने पाडावं.”

वितोमिरने घरातून आणलेली शिकारीची रायफल फाटकावरून पलीकडे दिली. सासऱ्याकडून मिळालेली रायफल, कालच तेल घालून पुसली होती, नळीला पांढरी फीत बांधली होती. वुकाशिन पुढे झाला. काळा सूट त्याला खांद्यात जरा तंग होता. अठ्ठावीस वर्षांचा, पण कानशिलावरचे केस पिकलेले.

त्याने रायफल घेतली, आणि वितोमिरची नजर त्याच्या हातांवर थबकली. पोराने बंदुकीकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या डाव्या हाताने तिचं वजन तोललं, उजव्याने खिट्टी उचलून मागे ओढली, अंगठा आत गेला, काडतूस वर आलं. हे सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. हात एकटेच हे करत होते. माणूस कुठेतरी दुसरीकडे होता. वितोमिर चाळीस वर्षं रानडुकरांमागे हिंडला होता, पण त्याचे हात बंदुकीवर कधी असे फिरले नव्हते.

मग वुकाशिनने एकेक करून पाचही काडतुसं काढली, फाटकावरून हात पुढे केला आणि ती वितोमिरच्या तळहातावर ठेवली.

“मी नाही झाडणार, काका,” तो म्हणाला.

तुतारीवाल्याने सूर अर्ध्यात सोडला. ढोल आणखी दोन ठोके वाजला आणि गप्प झाला.

“नाही झाडणार म्हणजे?”

“तुम्ही म्हणाल तेवढा वेळ इथे उभा राहतो. पण झाडणार नाही.”

“अरे, चष्मा आणा रे कुणीतरी नवरदेवाला!” शेजारचा मिलोये कुंपणावरून ओरडला. मिलोयेने सकाळपासून पेल्यांचा हिशेब सोडून दिला होता. “नाहीतर झाडच खाली वाकवा!”

हशा पिकला. रादिशाच्या मानेवर लाली चढली. त्याने पुतण्याच्या हातातून रायफल ओढू पाहिली. “दे इकडे. मी पाडतो. आमच्याकडे कुणीही पाडलं तरी चालतं.”

“तुमच्याकडे चालत असेल,” वितोमिर म्हणाला. “माझ्या दारात नवरदेवच पाडतो.”

हे बोलून झालं आणि त्याच्या लक्षात आलं की आता मागे फिरायला वाट उरली नाही. वरच्या खिडकीत पडदा हलला. नेवेना तिथे उभी होती, डोक्यावर पांढरी जाळीची ओढणी, दोन्ही हात काचेला टेकलेले.

त्याने फाटकाची कडी काढली, स्वतःपुरती फट केली आणि बाहेर आला. पोराच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला. आवाज खाली आणला, पण राग तसाच होता.

“हे बघ, नुसतं सफरचंद आहे. चुकलास तर चुकलास. हसतील आणि विसरतील. मला विचार, मी अकरा गोळ्या घातल्या होत्या.”

ती अकरा त्याच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदाच बाहेर पडली होती.

वुकाशिनने वर पाहिलं. झाडाकडे नव्हे, वितोमिरकडे.

“चुकायची भीती नाही, काका.” तो इतक्या हळू बोलला की वितोमिरला कान पुढे करावा लागला. “मी चुकत नाही. एकोणिसाव्या वर्षी युद्धावर नेलं. नेम पाहिला आणि पुढे बसवलं, एका पुलासमोर. चौदा महिने. एकही गोळी वाया गेली नाही.”

त्याच्या ओठाच्या वर घामाचे थेंब जमले होते आणि तो ते पुसत नव्हता, कारण एका हातात रायफल होती आणि दुसरा हात त्याने पाठीमागे घट्ट मिटून धरला होता.

वितोमिरला चर्चसमोरचा ट्रक आठवला. युद्ध सुरू झालं त्या शरद ऋतूत गावातली पोरं त्या ट्रकमध्ये चढली होती. अशीच तुतारी होती, असाच ढोल. आयांनी पोरांच्या गळ्यात टॉवेल बांधले होते. आणि ट्रक हलला तेव्हा त्याने, वितोमिरने, याच रायफलीने हवेत गोळ्या झाडल्या होत्या, पाचच्या पाच, आणि पुन्हा भरून आणखी पाच. सगळ्यांत जास्त त्यानेच. त्याच्या घरातून कुणी जाणार नव्हतं. त्याला दोन मुलीच होत्या. पोरं परत आली तेव्हा सगळी आली नाहीत. जी आली त्यांना तिथे काय केलं हे त्याने कधी विचारलं नाही. गावात कुणीच विचारलं नाही. पूल कुठला, पलीकडून कोण येत होतं, हेही त्याला आता विचारवेना.

“काय कुजबूज चाललीय?” मिलोये ओरडला. “हुंडा ठरवताय का काय?”

वितोमिर वळला. तळहातावरची काडतुसं त्याने वर उचलून धरली, सगळ्यांना दिसतील अशी.

“ओली आहेत!” तो म्हणाला. “तळघरात ठेवली होती ना मी मूर्खासारखी. सगळी सादळलीत. पोराने बघताक्षणी ओळखलं. झाडली असती तर नळी फुटून हात गेला असता.”

लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. रादिशाचा चेहरा जरासा सैल झाला.

“एवढंच ना?” मिलोये म्हणाला. “माझी घ्या की. घरात डबाभर पडलीत, एकदम कोरडी.”

“माझ्या दारात माझीच काडतुसं चालतात.”

“मग आता काय? पोरगी देत नाहीस?”

वितोमिरने नकळत झाडाकडे पाहिलं, सकाळी ज्या फांदीवर त्याचं पोट घासलं होतं तिकडे, आणि बोलायला लागल्यावर त्याला कळलं की आपण काय बोलतोय.

“मग जुनी पद्धत,” तो म्हणाला. “माझे आजोबा सांगायचे. पूर्वी बंदुका होत्याच कुणाकडे? तुर्कांच्या राज्यात आपल्या माणसाला साधा सुरा बाळगायची चोरी. तेव्हा नवरदेव झाडावर चढायचा आणि हाताने सफरचंद काढून आणायचा. खरी रीत तीच. बंदूक वगैरे नंतरची थेरं.”

मग कुंपणावरून मिलोये विचारपूर्वक मान हलवत म्हणाला, “हो, हो. माझी आजीही असंच काहीतरी सांगायची.”

वितोमिरने त्या क्षणी त्याला जन्मभरासाठी सगळं माफ केलं.

“चढशील?” त्याने वुकाशिनला विचारलं.

उत्तर द्यायच्या आधी वुकाशिनने रायफल त्याच्या हातात दिली, कोट काढून काकाकडे फेकला आणि बूटही काढले. मोज्यांनी तो अक्रोडाच्या बुंध्याला भिडला. फाटक आता सताड उघडं होतं आणि सगळं वऱ्हाड आत शिरून झाडाभोवती मान वर करून उभं होतं, पण ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

पहिल्या बेचक्यापर्यंत तो सहज गेला. सुतारकामातला माणूस, लाकडावर कुठे भार द्यायचा हे त्याला कळत होतं. दुसऱ्या बेचक्याच्या वर फांद्या बारीक होत गेल्या. वितोमिर शिडी लावून चढला होता, तीही बायकोने धरलेली. हा बिनशिडीचा चालला होता. एक फांदी कडकन बोलली. बायकांनी तोंडावर हात ठेवले. वुकाशिन थांबला, पाय मागे घेतला, दुसरीकडे टेकवला.

“तार आहे त्याला,” वितोमिर खालून ओरडला. स्वतःचा आवाज त्याला चिरका वाटला. “तीन पीळ आहेत! उलटे फिरव!”

“दिसतंय,” वरून आवाज आला.

तो फांदीवर पोट टेकून पुढे सरकला. शर्ट बाहीपाशी फाटल्याचा आवाज खालपर्यंत आला. एका हाताने तो तार उलगडू लागला, आणि वितोमिरने मनातल्या मनात स्वतःला शिव्या घातल्या. तिसरा पीळ कशाला घातला होता? कुणासाठी? फांदी झुलत होती, पोरगा तिच्याबरोबर झुलत होता. वेळ जात होता. स्तामेन्का येऊन वितोमिरच्या शेजारी उभी राहिली. तिने त्याच्या कोपराला धरलं.

मग वरून तारेचा तुकडा खाली पडला.

ओरडा झाला. ढोलवाल्याने दणकून ठोका दिला. वुकाशिन शर्टाच्या आत सफरचंद घालून उतरू लागला, आणि शेवटच्या फांदीवरून उडी मारून खाली आला तेव्हा त्याच्या कोपरातून रक्त येत होतं. तो हसत नव्हता, पण त्याचा चेहरा आल्यापासून पहिल्यांदाच जिवंत माणसाचा वाटत होता. त्याने सफरचंद वितोमिरपुढे धरलं.

“मला काय देतोस?” वितोमिर खेकसला. “मी करतोय का तुझ्याशी लग्न? जा, वर तिला दे.”

वाजवणाऱ्यांनी सूर पकडला. वऱ्हाड जिन्याकडे धावलं.

पुढचं सगळं रीतसर झालं. चर्चमध्ये जाऊन आले. अंगणातल्या मांडवात टेबलं भरली, हंडे उघडले, वाफेबरोबर कोबी-मटणाचा वास रस्त्यापर्यंत गेला. वितोमिर टेबलाच्या टोकाला बसून पाहुण्यांचे पेले भरत होता. राकिया पोटात गेली तशी पाहुण्यांना कंठ फुटला, आणि मग व्हायचं तेच झालं. एका गाण्याच्या शेवटी मिलोयेने कमरेचं पिस्तूल काढलं आणि हवेत दोन गोळ्या झाडल्या. लग्न म्हटलं की हे आलंच. कुणी वळूनही पाहिलं नाही.

वितोमिरने पाहिलं. टेबलाच्या मधोमध नेवेनाच्या शेजारी बसलेल्या वुकाशिनचा चमचा ताटापासून वीतभर वर थांबला होता. तो खाली येत नव्हता की वर जात नव्हता. नेवेनाने दुसऱ्या कुणाशी तरी बोलता बोलता, न बघता, त्याच्या मनगटावर हात ठेवला. थोड्या वेळाने चमचा खाली आला.

नंतर दुसऱ्या टेबलावरून कुणीतरी शिकारीची बंदूक मागवली. वितोमिर उठला.

तो आधी मिलोयेकडे गेला. “ते पिस्तूल दे इकडे.”

“का बुवा?”

“घरात बाळ झोपलंय.”

“कुणाचं बाळ?”

“आहे एक. आण इकडे, जाताना देतो.”

मिलोयेने कुरकुरत पिस्तूल दिलं. मग वितोमिर रादिशाकडे गेला. रादिशाकडेही एक होतं, कोटाच्या आतल्या खिशात. “बाळ झोपलंय, व्याही.” मग तुतारीवाल्यांच्या टेबलापाशी, मग मोटारींपाशी उभ्या असलेल्या पोरांकडे. एकेकाच्या कानाशी वाकून तो तेच सांगत होता. बाळ म्हटल्यावर माणूस हुज्जत घालत नाही, हे त्याला आजच कळत होतं. दोन-तीन बायकांनी नेवेनाच्या पोटाकडे नजर टाकली आणि आपसांत हिशेब केले, करू देत. हातात मावेनाशी झाली तेव्हा त्याने सगळी हत्यारं कोटात गुंडाळली, स्वतःच्या रायफलीसकट आतल्या खोलीत नेली, पलंगावर पाहुण्यांच्या डगल्यांच्या ढिगात खुपसली आणि दार ओढून घेतलं.

तो बाहेर येतो तर दाराशी स्तामेन्का उभी. हातात रिकामं ताट.

“सगळ्या बायका मला विचारताहेत,” ती म्हणाली. “म्हणे घरात बाळ आहे. कुठलं बाळ? कुणी आणलंय?”

वितोमिरने खांदे उडवले आणि मिशांवरून हात फिरवला. आजच्या दिवसाचं त्याच्याकडचं सगळं खोटं संपलं होतं.

स्तामेन्काने त्याला बाजूला सारलं आणि दार उघडलं. पडदे ओढलेले होते. डगल्यांच्या ढिगातून रायफलीची नळी बाहेर आली होती, पांढरी फीत अजून तिच्यावर होती. तिने पलंगाकडे पाहिलं. मग मागे वळून मांडवाकडे पाहिलं, जिथे तिचा जावई मान खाली घालून हळूहळू, एकेक घास जेवत होता.

तेवढ्यात दोन शेजारणी उत्सुकतेने जिन्यापाशी आल्या, मोठमोठ्याने काहीतरी विचारत.

स्तामेन्काने दार अलगद लोटलं, कडीचा आवाज होणार नाही इतक्या बेताने. मग बोट ओठांवर ठेवून त्यांच्याकडे वळली.

“हळू बोला गं,” ती म्हणाली. “आत्ता कुठे डोळा लागलाय.”